म्हाळसा कुठं गेली?

माझं शिक्षण चौथीपर्यंत. रोम नकाशात कुठं आहे हे मला आजही विचारू नका. तरी शिरूरच्या बाजारपेठेत कुणाच्या हाती रोमचं जुनं नाणं लागलं, किंवा लागलंय असं वाटलं, की तो माझ्याकडं येतो. यात माझ्या हुशारीपेक्षा बसायच्या जागेचा भाग जास्त आहे. सोनारांच्या गल्लीच्या तोंडाशी माझं टेबल आहे. जुनं मोडायला निघालेला माणूस आधी माझ्यासमोरून जातो.

माझं मूळ काम गाठवायचं. पुतळ्या, बोरमाळ, डोरलं हे सोनार घडवतो. पण ते रेशमात ओवून, गाठी मारून, मागं गोंडा लावून गळ्यात घालण्याजोगं करणारं माणूस वेगळं असतं. आमचे मालक सोनाराच्या हाताखाली कारागीर होते. ते मण्यांत लाख भरायचे, मी मणी गाठवायची. ते गेल्यावर मी दोन्ही कामं करू लागले, कारण घरी बसून कुणी भाकरी आणून देणार नव्हतं.

नव्या पुतळीवर लक्ष्मी छापलेली असते. जुन्या घरांतल्या माळांत मात्र परदेशी नाणीच कडी लावून ओवलेली सापडायची. त्यातल्या एका जातीवर एक माणूस दुसऱ्यापुढं गुडघे टेकून बसलेला असतो. ते व्हेनिस नावाच्या शहरातलं नाणं. आमच्या बायका त्याला राम-मारुती म्हणायच्या. मी बऱ्याच जणींना खरं काय ते सांगितलं. "तुला दिसत न्हाई, पण मारुतीच हाय," असं त्यांनी उलट मलाच ऐकवलं. मग मी सांगणं सोडून दिलं.

अशाच एका माळेत मला पहिलं रोमचं नाणं भेटलं. सगळी सोन्याची, त्यात हे एकच चांदीचं, वर भोक पाडलेलं, आणि त्यावर चपट्या केसांचा, सरळ नाकाचा एक बाप्या. हा कोण, ते गल्लीत कुणालाच सांगता येईना. एका सोनारानं दौंडचा पत्ता दिला. तिथं रेल्वेचे निवृत्त इंजिन ड्रायव्हर राहायचे, फ्रान्सिस नावाचे. आयुष्यभर मालगाडी हाकली आणि आयुष्यभर नाणी जमवली. त्यांच्या घरात बसलं की खिडकीतून गाडीचा आवाज आणि टेबलावर नाण्यांचे खण, दुसरं काही नाही. बायको म्हणायची, "आमच्या घरात राजे लोक खाटेवर झोपतात, आम्ही खाली."

फ्रान्सिस ड्रायव्हरांनी मला शिकवलं. इंग्रजी अक्षरं मी पुस्तकातून नाही, त्या राजांच्या डोक्याभोवती वाचत शिकले. म्हणून मला फक्त मोठी अक्षरं येतात, छोटी येत नाहीत.

"ताई, चेहरा मत देखो," ते म्हणायचे. "चेहऱ्याला सगळे फसतात. पहिले किनार बघायची."

नाण्याची किनार म्हणजे कड. जुनं नाणं ठोकून पाडलेलं असतं. खाली एक ठसा, वर एक ठसा, मधे गरम चांदीचा गोळा आणि वरून हातोडा. म्हणून ते कधी पुरतं गोल नसतं आणि कडेला बारीक चिरा जातात. खोटं नाणं बहुतेक साच्यात ओतलेलं असतं. साचा दोन तुकड्यांचा, म्हणून जोडावर कडेनं रेघ उठते. ती कानशीनं घासली तर घासल्याची खूण राहते. आणि रस थंड होताना बुडबुडे अडकतात, त्यांची भोकं भिंगातून दिसतात. एवढं पाहिलं की निम्मी खोटी तिथंच गळतात. उरलेल्यांची झीज बघायची. खरं नाणं उंच भागावर झिजतं, म्हणजे नाक, गाल, केस. खोट्यात खोलगट भागही गुळगुळीत असतो, कारण झिजलेल्या नाण्यावरूनच साचा घेतलेला असतो.

ही नाणी आपल्याकडं आली कशी, असं लोक विचारतात. रोमचे लोक जहाजानं यायचे, मिरी, कापड, रत्नं न्यायचे. त्यांच्याकडं आपल्याला हवं असं फार काही नव्हतं, म्हणून चांदी-सोनं द्यायचे. बंदरावरून घाट चढून माल जुन्नरकडं यायचा. जुन्नर इथून लांब नाही. ग्रीकांची नाणी मात्र इथं क्वचित. जी खरी दिसतात ती पंजाबातल्या ग्रीक राजांची. ड्रायव्हरांकडं एक होतं, चौकोनी, एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला वशिंडवाला बैल. एकीकडं ग्रीक अक्षरं, दुसरीकडं आपल्या देशातली जुनी लिपी. ते मला फार आवडायचं. परक्या मुलखात धंदा करायचा तर तिथली अक्षरं शिकावी लागतात, हे त्या राजाला कळलं होतं.

संग्राहक भोक पाडलेल्या नाण्याला नाकं मुरडतात. माझं त्यांच्याशी पटत नाही. आमच्या बायकांनी भोक पाडून गळ्यात घातलं म्हणूनच ते नाणं राहिलं. पेटीत ठेवलेली केव्हाच वितळून गेली. माझ्या डोळ्यांदेखत किती वितळली. सोनाराला घाई असते आणि गिऱ्हाइकाला लग्न असतं. मी थांबा म्हणेपर्यंत राजा मुशीत गेलेला असायचा.

खोट्याचं काम मला रोजचं. रांजणगावच्या कंपन्यांत काम करणारी परप्रांतीय मंडळी सुट्टीच्या दिवशी येतात. "मौसी, सिकंदर का सिक्का है, खेत में निकला।" मी विचारते, कुठल्या खेत में? भाड्याच्या खोलीत राहता तुम्ही. मग हसतात आणि चहा पिऊन जातात. खरंच शेतात काही निघालं असेल, तर मी हात लावत नाही. तलाठ्याला कळवा म्हणते, ते सरकारचं असतं. यामुळं मी लोकांत अप्रिय आहे.

दौंडकडचे एक आप्पा मोबाइलवरून नाणं मागवून घेऊन आले होते. बागायतदार माणूस, गावात वजन. नाण्यावर मोठ्या डोळ्यांचं घुबड.

"मावशी, हे सिकंदराच्या आधीचं हाय. ग्रीसचं."

मी कड बघितली. "आप्पा, याला शिवण हाय."

"शिवण? नाण्याला?"

"ओतलेलं हाय. खोटं."

मला वाटलं आता आवाज चढवतील. तर त्यांचं तोंड एकदम उजळलं. "खोटं? नक्की? बरं झालं बघा. घुबड घरात आणलं म्हणून आमची मंडळी बोलायची बंद झालीत माझ्याशी. आता सांगतो, बाई, घुबडच खोटं हाय!"

ते गेले समाधानानं. आमच्या धंद्यात नाणं खोटं आहे हे ऐकून कुणी खूश झालेला तेवढाच एक.

आता मंजुळाबाईचं सांगते. नाण्याच्या खऱ्या-खोट्यावरून एखादी बाई घरातून निघायची वेळ येईल असं मला वाटलं नव्हतं.

कवठे येमाईच्या बाजूला वस्तीवर राहणारं धनगराचं घर. सासऱ्याच्या काळी मेंढरं होती, आता कांदा आणि ऊस. चंपाषष्ठीच्या, म्हणजे खंडोबाच्या सटीच्या, आधी तिघं माझ्या टेबलापुढं येऊन उभी राहिली. पुढं मंजुळाबाई, मागं तिचा मुलगा बाळू, आणि त्याच्याही मागं सून सारिका. सारिकाच्या हातात कपड्यांची फुगलेली पिशवी होती. मी ती पिशवी बघितली आणि ओळखलं, हे नुसतं दाखवायला आलेले नाहीत.

मंजुळाबाईनं पिवळ्या फडक्यातून टाक काढला. टाक म्हणजे देवघरातला पत्र्यावरचा देव. त्यांचा टाक निराळा होता. तांब्याच्या गोल पत्र्यावर मधोमध चांदीचं छोटं नाणं लाखेनं बसवलेलं, भोवती चांदीची तार.

"बाई, ह्यो आमचा देव न्हाई," मंजुळाबाई म्हणाली.

"मग कुणाचा?"

"त्येच इचारायला आले. आमचा खंडोबा आन् म्हाळसा जोडीनं व्हती. आता बगा. म्हाळसा कुठं गेली?"

मी बघितलं. लख्ख चांदी. शेजारी शेजारी उभे दोन पुरुष, पायघोळ वस्त्रं नेसलेले. दोघांच्या मधे दोन गोल ढाली आणि मागं भाले. म्हाळसा नव्हती हे खरंच होतं.

मी ते नाणं ओळखलं. आपल्या दख्खनमधे रोमचं जे नाणं जास्त सापडतं ते हेच. ड्रायव्हर त्याला दोन पोरांचं नाणं म्हणायचे.

"घासलं कुणी?" मी विचारलं.

"मी," मागून सारिका म्हणाली. "देव घासायचे व्हते सटीला. टूथब्रशनं घासला, भांड्याच्या पावडरीनं. नवा ब्रश व्हता, मावशी, वापरलेला न्हाई."

"आत्तापातूर नुसत्या दुधापाण्यानं न्हाऊ घालायचो आमी देवाला," मंजुळाबाई म्हणाली. "वरनं भंडारा. माझ्या सासूनं तसंच केलं, मी तसंच केलं. हिनं न्हाणीत नेऊन घासला म्हणती. न्हाणीत देव बदालतो व्हय?"

बाळू मोटारसायकलची किल्ली बोटाभोवती फिरवत होता. त्यानं मोबाइल पुढं केला. वर्षामागं सारिकाचा भाऊ गणेश जेवायला आला होता तेव्हा त्यानं देवाचा फोटो काढला होता. गणेश रांजणगावला कंपनीत. कंपनीतल्या कुणाला तरी त्यानं तो दाखवला, त्याच्या ओळखीनं पुण्याचा एक संग्राहक वस्तीवर आला, नाणं मागू लागला, आणि मंजुळाबाईनं त्याला अंगणातून परत घालवला. एवढं सगळं आधी घडलेलं. आता देव बदललेला, आणि गणेशनं दिवाळीत नवी मोटारसायकल घेतलेली. घरानं दोन आणि दोन चार केले.

फोटोत जोडी स्पष्ट होती. पिवळ्या थरातून एक फेटेवाला आणि शेजारी निऱ्या नेसलेली बाई.  मला कुणी हा फोटो एकटा दाखवला असता तर मीही म्हाळसा म्हटलं असतं.

"आता बोला," बाळू म्हणाला. "दुसरं हाय ना? तुम्ही हाय म्हटलं की हिला इथनंच माहेरच्या, पाबळच्या गाडीत बसवतो. तिच्या भावाला म्हणावं, खरा देव आणून दे, मग बहीण परत आणून घाल."

"बाळू, तोंड संभाळ," मी म्हटलं. "मी अजून काहीच म्हटलेलं न्हाई."

सारिका रडत नव्हती. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, जसं दवाखान्यात डॉक्टरच्या तोंडाकडं बघतात.

काय झालं होतं ते मला कळत होतं. नाण्याच्या खोलगट भागात पिढ्यान् पिढ्या हळद, दूध आणि तेल बसून घट्ट झालेलं. एकाच्या डोक्यावर थर चढला, त्याचा फेटा झाला. दोघांच्या मधल्या ढाली बुजल्या. पायघोळ वस्त्राच्या चुण्या तेवढ्या उघड्या राहिल्या, त्यांच्या निऱ्या झाल्या. सारिकानं ते सगळं एका सकाळी काढून टाकलं. पण हे माझ्या तोंडचं. मंजुळाबाईला तोंडचं पुरणार नव्हतं, आणि का पुरावं? मी कोण तिची?

दाखवायचा एकच मार्ग होता. नाणं पत्र्यावरून उचलायचं.

लाख तापवून मऊ असताना त्यात वस्तू दाबून बसवतात. गार झाली की ती दगडासारखी होते आणि वस्तूच्या पाठीवर जे असेल त्याचा उलटा ठसा आपल्या पोटात धरून ठेवते. जुनी लाख काळी आणि ठिसूळ, नवी तांबूस आणि चमकती. न्हाणीत बसून कुणी जुनी लाख करू शकत नाही.

"देव उचलावा लागंल," मी म्हटलं.

मंजुळाबाईनं टाक छातीशी घेतला. "आमच्यात देव बैठकीवरनं उठवत न्हाईत."

"तूच म्हणतीस हा तुझा देव न्हाई."

"अन् असला तर?"

 तोडही तिनंच काढली. कौल लावायचा म्हणाली. शेजारच्या दुकानातून ज्वारीचे दाणे मागवले. देव ओला करून दोघांच्या छातीवर एकेक दाणा चिकटवला. उजव्याचा आधी पडला तर उठव, डाव्याचा पडला तर राहू दे. माझा टेबलफॅन फिरत होता, तो मी बंद केला. उगाच पंख्यानं निकाल द्यायला नको.

आम्ही चौघं दोन दाण्यांकडं बघत बसलो. समोरचा बांगडीवाला सरकून आला आणि म्हणाला, "काय, मॅच चाललीय काय?" मंजुळाबाईनं त्याच्याकडं असं बघितलं की तो परत गेला.

उजवा दाणा पडला.

मी पत्रा खालून हलकाच शेकवला आणि दोऱ्याच्या सुईनं कड मोकळी केली. नाणं सुटलं. खालची लाख काळी कुळकुळीत, भेगाळलेली. आणि तिच्यात एक चेहरा, आत दबलेला, डावीकडं बघणारा. मी नाणं उलटं केलं. मागं तोच चेहरा, वर उठलेला, उजवीकडं बघणारा. राजाच्या गालावर एक तिरपा खोल छेद होता. जुन्या काळी सराफ नाण्यावर छिन्नी मारून बघायचे, आत चांदीच आहे ना म्हणून. लाखेत त्याच जागी तेवढीच तिरपी धार वर उठलेली.

"बोट फिरव," मी मंजुळाबाईला म्हटलं. "ह्या गालावर. आता लाखेवर."

तिनं बोट फिरवलं. परत फिरवलं. मग बाळूचं बोट धरून तिथं टेकवलं. त्याची किल्ली फिरायची थांबली.

"तुझ्या आजेसासऱ्याच्या काळची तरी लाख असंल," मी म्हटलं. "ह्याच नाण्यावर बसलेली. दुसरं कुठलं बसणार न्हाई हिच्यात. देव तोच हाय. सुनेनं बदलला न्हाई, स्वच्छ केला. एवढा स्वच्छ करायला नको व्हता, पण तो गुन्हा न्हाई."

 मग मंजुळाबाईनं विचारलं, "मग ह्यो मागचा कोण?"

आता खोटं बोलणं सोपं होतं. मला ते जमत नाही. "रोमचा राजा."

"आन् पुढची दोघं?"

"त्याच्या लेकीची पोरं. दत्तक घेतली, आपल्यामागं राज्य चालवतील म्हणून. दोन्ही तरणीच गेली."

मंजुळाबाईनं नाण्यावरचा हात मागं घेतला. मला वाटलं, आता हा देव घरातून गेला. पुण्याचा संग्राहक जिंकला.

"अक्षरं बघ," मी म्हटलं. राजाच्या डोक्याभोवती अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा आणि ठिपके होते. "हे रोममधे झालेलं न्हाई. तिथलं अस्सल बघून आपल्याच मुलखात कुणीतरी पाडलंय. त्याला ती अक्षरं येत नव्हती, म्हणून रेघा मारल्या. संग्राहक लोकांना याचं अस्सलाएवढं मोल न्हाई."

"म्हंजी आपल्याकडंच झालं."

"व्हय."

"मंग पोरं तर पोरं," ती म्हणाली. "लेकीची पोरं म्हंजी घरचीच. त्यांनी कुणाचं काय वाकडं केलंय?" तिनं कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली आणि दोघांच्या कपाळांना चिमूट चिमूट लावली. "चला. देव बसवा पहिल्यावानी. सारिके, पिशवी घे, निगू."

मी लाख शेकवून नाणं पहिल्या जागी दाबलं आणि टाक मंजुळाबाईच्या हातात दिला. सारिका टेबलापुढच्या बाकावर बसून राहिली.

"चल की," बाळू म्हणाला.

"मी न्हाई येत."

"आता काय झालं? झालं ना सगळं नीट?"

"तुमचं झालं," सारिका म्हणाली. आवाज बारीक होता पण हलत नव्हता. "आत्याबाई, तुम्ही मला चोर म्हणला ते घरात म्हणला. माझ्या भावाला वस्तीवर चारचौघांत म्हणला. पावण्यांत त्याला तोंड दाखवायला जागा न्हाई. त्याला फोन लावा. इथनं लावा. मग मी उठते."

बाळू आईकडं बघू लागला. मंजुळाबाई माझ्याकडं. मी सुईत रेशीम ओवत बसले. यात माझं काही काम नव्हतं.

शेवटी बाळूनं नंबर लावून फोन आईच्या हातात दिला. तिला तो कानाला लावायची सवय नसावी, तळहातावर आरशासारखा धरला. आवाज मोठा होता, आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. मागं यंत्रांची घरघर चालली होती.

"हॅलो? कोण?" गणेश म्हणाला. "दाजी?"

"म्या हाय. मंजुळाबाई."

 घरघर तेवढी येत राहिली.

"पाव्हणं," ती म्हणाली, आणि थांबली. तिला तो शब्द सापडत नव्हता, जो सारिकाला हवा होता. आमच्याकडच्या सासवांना तो शब्द कुणी शिकवलेलाच नसतो. तिनं पदरानं तोंड पुसलं. "पाव्हणं, सटीला जेवाय या. घरच्यांना घिऊन या. पोरंबाळं समदी."

"कशाला? झडती घ्यायला?"

बाळूनं मान खाली घातली. मंजुळाबाईनं नाही घातली, हे मी तिच्या बाजूनं सांगते.

"न्हाई," ती म्हणाली. "देव तोच हाय. घरातच व्हता. आम्हाला वळखू आला न्हाई. तुमी आल्याबिगार बैठकीवर बसवायचा न्हाई. आन् बसवील ती तुमची बहीण, तिच्या हातानं. वस्तीवरल्या समद्यांना बलावणार हाय, तवा म्या सांगीन काय ते."

घरघर चालूच होती. मग गणेश म्हणाला, "सारिका हाय का तिथं?"

मंजुळाबाईनं फोन सारिकापुढं धरला. सारिकानं तो घेतला नाही. सासूच्या हातातच राहू दिला आणि जवळ वाकून म्हणाली, "दादा, ये. वहिनीलाबी आण."

मग ती उठली, बाकाखाली सारलेल्या चपला पायात घातल्या आणि कपड्यांची पिशवी नवऱ्याच्या हातात दिली.